तीन लाखांची जुनी गाडी: बघायची कशी, घ्यायची कशी, टिकवायची कशी

तीन लाख हातात असतील तर अडीच लाखांचीच गाडी शोधा. उरलेल्या पन्नास हजारांना गाडी ताब्यात येईपर्यंत हात लावू नका. गाडी विकायचं मनात आलं की माणूस तिच्यावर खर्च करायचं थांबवतो. टायर "अजून चालतील", बॅटरी "पुढच्या थंडीत बघू", ब्रेक पॅड "नवा मालक टाकेल". हा थांबवलेला खर्च गाडीबरोबर तुमच्याकडे येतो. गाडी तपासायची म्हणजे हा खर्च कुठेकुठे दडलाय ते शोधायचं आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करून घ्यायचे.

पन्नास हजारांचा ढोबळ हिशोब असा: छोट्या हॅचबॅकचे चार टायर पंधरा-सोळा हजार, बॅटरी चार-पाच हजार, सगळी ऑइलं आणि फिल्टर बदलून पूर्ण सर्व्हिस सहा-आठ हजार, सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड आणि ब्रेक पॅड मिळून सात-आठ हजार. बाकीचे इन्शुरन्स आणि ट्रान्सफरला. सगळं एकदम लागेलच असं नाही, पण निम्मं तरी लागतंच.

कोणती गाडी

पहिली गाडी असेल तर हजार-बाराशे सीसी, पेट्रोल, मॅन्युअल गिअर, सहा ते नऊ वर्षांची, आणि तुमच्या गावात भरपूर खपलेली. वॅगन आर, स्विफ्ट, अल्टो के१०, आय१० किंवा ग्रँड आय१०, इटिऑस लिवा, ब्रिओ. यातली कुठलीही घेतली तरी तालुक्याच्या गॅरेजवाल्याचा हात तिच्यावर बसलेला असतो आणि पार्ट संध्याकाळपर्यंत मिळतो. याच पैशात थोडी जुनी मोठी सेडान मिळते हे खरं. पण तिचा शॉकर आणि तिचा हेडलाइट मोठ्या गाडीच्याच भावात येतो, गाडी कितीला घेतली हे त्याला माहीत नसतं.

मॉडेल ठरवण्याआधी एक गोष्ट विचारा: इंजिनाचे वॉल्व पिस्टनच्या तालात ठेवायला टायमिंग चेन आहे की बेल्ट? मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत (अल्टो के१०, वॅगन आर, स्विफ्ट) आणि ह्युंदाईच्या १.२ कप्पा इंजिनात चेन आहे. ऑइल वेळेवर बदललं तर तिच्याकडे सहसा बघावं लागत नाही. जुन्या ७९६ सीसीच्या अल्टो ८०० मध्ये आणि १.१ लिटरच्या आय१०, सँट्रोत बेल्ट आहे. बेल्टची गाडी वाईट नाही, पण बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर तो बदललाच नाही असं धरा आणि घेतल्या घेतल्या टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी पुली) नवा टाका.

शेवरोलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. त्यामुळे या गाड्या स्वस्तात मिळतात आणि त्यातल्या काही खरंच दणकट आहेत. इंजिनाचे पार्ट मिळतात. बंपर, काच, लाइट यांनाच ताटकळावं लागतं. ज्याच्याकडे दुसरं वाहन आहे त्याने हा व्यवहार जरूर करावा. एकुलती एक गाडी असेल तर नको.

डिझेल महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या वर पळणाऱ्यालाच परवडते. इंजेक्टर किंवा टर्बो गेला तर वर्षभर ॲव्हरेजमध्ये वाचवलेलं एका बिलात जातं. त्यातून एप्रिल २०२० नंतरची बीएस६ डिझेल फक्त शहरात, चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत वापरली तर धुराचा फिल्टर चोंदतो. सीएनजी घेताना दोन गोष्टी बघा: आरसीवर इंधन "पेट्रोल/सीएनजी" नोंदलेलं आहे का, आणि सिलिंडरच्या हायड्रो टेस्टचं (पाण्याच्या दाबाखालच्या चाचणीचं) प्रमाणपत्र चालू आहे का. ती टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. बाहेरून किट बसवून आरसीवर न चढवलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले हात वर करतात.

घरबसल्या निम्मी तपासणी

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या. एम-परिवहन ॲपवर तो टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, इन्शुरन्स आणि पीयूसीची मुदत कळते. त्याच नंबरवर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर थकलेली चलनं बघा. नंबर द्यायलाच टाळाटाळ होत असेल तर फोन तिथेच ठेवा.

मग आरसीचा फोटो मागा. त्यात तीन गोष्टी वाचा. एक, उत्पादनाचा महिना आणि नोंदणीचा महिना. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये पासिंग झाली की विकणारा तिला एक वर्षाने तरुण सांगतो. भाव मात्र उत्पादनाच्या वर्षावर ठरतो. दोन, मालक क्रमांक. तीन, हायपोथिकेशन, म्हणजे गाडीवर कर्जाचा बोजा. कर्ज फिटलंय असं तोंडी सांगितलं तरी आरसीवर बँकेचं नाव असेपर्यंत बोजा आहेच. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ ने तो उतरवून घ्यायचं काम विकणाऱ्याचं.

१ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का ते विचारा. नसेल तर तीही विकणाऱ्याकडूनच बसवून घ्या, पुढे आरटीओच्या कामात ती आडवी येते. मालक वारला असेल तर गाडी आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावावर चढली पाहिजे. मुलगा म्हणाला "सही मी करतो" तरी ती चालत नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इतिहास हा सगळ्यात मोलाचा कागद. मालकाला सोबत नेलं किंवा त्याने फोन केला तर गाडीच्या नंबरवरून प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि रनिंग निघतं. मीटर मागे केलेलं असेल तर इथे उघडं पडतं: २०२१ मध्ये ७१ हजार आणि आज मीटरवर ५८ हजार. आकडा मोठा म्हणून मात्र घाबरू नका. वेळच्या वेळी ऑइल बदललेली नव्वद हजारांची वॅगन आर ही सोसायटीत धूळ खात उभ्या राहिलेल्या तीस हजारांच्या गाडीपेक्षा बरी. उभ्या गाडीचे रबर, सील आणि टायर वयाने जातात, किलोमीटरने नाही.

गाडी थंड हवी

सकाळी जा, आणि आदल्या दिवशीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं आहे असं धरून चाला आणि दुसऱ्या दिवशी परत या. तापलेलं इंजिन एका सेल्फमध्ये चालू होतं आणि सकाळचा धूरही दाखवत नाही.

बॉनेट उघडून ऑइलचं झाकण काढा आणि उलटं करून बघा. आत काळपट-तपकिरी ऑइलचा पातळ थर असेल तर ठीक. दह्याच्या सायीसारखा फिकट, चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत असा पुसटसा थर धरतो, म्हणून डिपस्टिकही काढा. तिथेही दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केटचं काम आहे, गाडी सोडा. मग कूलंटची बाटली. रंग हिरवा, लाल, निळा काहीही असो, स्वच्छ हवा. गंजाचं पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय.

इथेच आणखी एक विचारून ठेवा: थर्मोस्टॅट वॉल्व (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा) जागेवर आहे का, आणि रेडिएटरचा पंखा सेन्सरवर चालतो की थेट जोडलाय? गाडी एकदा तापली की काही गॅरेजवाले वॉल्वच काढून टाकतात आणि चावी फिरवली की पंखा चालू होईल अशी वायर मारतात. गाडी तापायची थांबते, पण कशामुळे तापत होती ते तसंच राहतं. थंड इंजिनावर चावी फिरवताच पंखा घुं करून फिरू लागला आणि एसी बंद आहे, तर ही जुगाडाची खूण समजा.

आता सेल्फ मारा, एसी बंद ठेवून. मागे एक माणूस उभा करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय: सुरू होताना क्षणभर आला तर वॉल्व सील, एक्सिलेटर देताना येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा. थंडीतल्या सकाळी पांढरी वाफ येते आणि दोन मिनिटांत जाते. गेली नाही आणि तिला गोडसर वास असेल तर कूलंट जळतोय.

हजारभर रुपयांत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं यंत्र, सोबत ठेवा. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाइलवर बघायचा. नुसता "एरर नाही" यावर खूश होऊ नका. विकायच्या आदल्या दिवशी एरर पुसणं दोन मिनिटांचं काम आहे. ॲपमध्ये "रेडीनेस मॉनिटर" नावाचं पान असतं, गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारं. तिथे बरेचसे मॉनिटर अपूर्ण दिसले तर मेमरी नुकतीच पुसली आहे किंवा बॅटरी काढून लावली आहे. काही गाड्या एरर पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही सांगतात. तिथे ११ किलोमीटर दिसले की प्रश्न विचारायचा तो मालकाला.

पत्रा, पूर आणि लांबी

पत्र्यासाठी दिवसाचा उजेड हवा आणि गाडी कोरडी हवी. धुतलेल्या ओल्या गाडीवर प्रत्येक रंग एकसारखा दिसतो. गाडीच्या कोपऱ्यावर उकिडवे बसा आणि बाजूने, दरवाज्यांच्या ओळीत नजर टाका. समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब सरळ धावलं पाहिजे. ज्या दरवाज्यावर ते लाटांसारखं हलेल तिथे लांबी (पुट्टी) भरली आहे. फ्रीजवरचा पातळ लोहचुंबक रुमालात गुंडाळून लावा, लांबीच्या जागी तो धरत नाही.

बंपरला ओरखडा, एखादा दरवाजा रंगवलेला, याला घाबरायचं कारण नाही. आपल्याकडच्या पार्किंगमध्ये ते व्हायचंच. बघायचा तो सांगाडा. बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट बघा: बोल्टच्या कडांचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय, म्हणजे पॅनेल निघालंय. मग त्याच्या मागे एप्रन, म्हणजे फेंडरच्या आतला पत्रा, बघा. कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल खड्डे एका ओळीत, सारख्या अंतरावर असतात. हाताने केलेलं वेल्डिंग ओबडधोबड दिसतं. डिकीत स्टेपनी उचलून तळाचा पत्रा बघा. दरवाज्याचे रबर ओढून खांबाची कड बघा. एप्रन, खांब किंवा चॅसिसच्या पट्टीला मार असेल तर किंमत कमी करून घ्यायचा प्रश्न नाही, गाडीच घ्यायची नाही.

काचेवर कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि वर्ष असतं. पाच काचा २०१६ च्या आणि एक २०१९ ची, तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारा.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर भागात किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा गाड्या लिलावात जाऊन, धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीटकव्हर नवं, आतला वास अगरबत्ती-परफ्यूमने भरलेला, तर सावध. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ राहिलेली असते, कारण तो भाग कोणी धूत नाही. सीटच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली फेसाळ गाळ, हेडलाइटच्या आत चिखलाची पुटं बघा. पुराची गाडी इंजिनने नाही, वायरिंगने छळते, आणि दोन-दोन वर्षं छळते.

कोकण-गोव्याची गाडी असेल तर खाली वाकून रनिंग बोर्ड आणि दरवाज्यांच्या खालच्या कडा बोटाने दाबा. खारी हवा पत्रा आतून खाते. काळा अंडरकोटिंगचा थर ताजा मारलेला असेल तर त्याखाली काय आहे ते लिफ्टवर ठोकून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर, गोटा (रस्त्याला टेकणारी नक्षी) भरलेला असला तरी, बदलायचाच. गोट्यातल्या चरीत आडवी उंच पट्टी असते. घासून टायर तिच्या पातळीला, म्हणजे १.६ मिलिमीटरला आला की संपला. पुढचे टायर आतल्या कडेने जास्त झिजले असतील तर अलाइनमेंट बिघडलीय, आणि ती वारंवार बिघडत असेल तर लोअर आर्म किंवा मार खाल्लेली बॉडी.

चालवून बघणं

रेडिओ बंद, काचा वर, आणि किमान अर्धा तास. त्यात एक चढ, एक खराब रस्ता आणि थोडा मोकळा रस्ता हवा.

हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा: इंजिन ताबडतोब बंद पडलं पाहिजे. गुरगुरत चालू राहिलं तर क्लच प्लेट संपली. ही परीक्षा एकदाच करायची, दहादा केली तर चांगली प्लेटही जळते. चढावर चौथ्यात पूर्ण एक्सिलेटर द्या. आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही, तरी अर्थ तोच. छोट्या गाडीला क्लच सेट मजुरीसकट सात-नऊ हजार धरा.

तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना कर्र झालं तर सिंक्रो रिंग गेलीय, म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचं काम. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवून हळू चालवा, मग दुसऱ्या बाजूला. टक-टक-टक आवाज आला तर ॲक्सेलचा बाहेरचा जॉइंट गेलाय. स्पीडब्रेकरवर खडखड बहुतेक वेळा लिंक रॉड किंवा स्ट्रट माउंटची, हजार-दोन हजारांची गोष्ट. साठच्या वेगाला विमानासारखी घुं आणि वळणावर ती कमी-जास्त होते, तर व्हील बेअरिंग. रिकाम्या रस्त्यावर चाळीसला जोरात ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढली जाता कामा नये.

परत आल्यावर इंजिन बंद करू नका. एसी फुल करून दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा. पंखा लागतो आणि बंद होतो का, तापमानाचा काटा किंवा लाल दिवा काय म्हणतो, आयडलिंग हलतं का हे इथे दिसतं. मल्टिमीटर असेल तर बॅटरी मोजा: रात्रभर उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू असताना १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर.

इतकं पास झाल्यावर हजार रुपये देऊन तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवा. विकणाऱ्याने सुचवलेल्याकडे नाही. नवखा माणूस हे आधी करतो आणि प्रत्येक गाडीला हजार घालवतो. शेवटच्या एका गाडीलाच करायचं.

पैसे आणि कागद

सापडलेल्या कामांची यादी आणि पार्टचे भाव कागदावर लिहून समोर ठेवा. "शेजाऱ्याची वीस हजार कमीला गेली" यापेक्षा "टायर २०१७ चे आहेत, सोळा हजार" हे बोलणं पटतं. इसार पाच-दहा हजारांपेक्षा जास्त देऊ नका. बाकी पैसे बँकेतूनच द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरायचा: फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, त्यावर दोघांच्या सह्या. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचं. "सह्या करून देतो, तुम्ही सवडीने करा" ही सोय दोघांच्याही गळ्याशी येते. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच माथी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. म्हणून गाडीचा ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सही करा, आणि काही रक्कम आरसी नावावर होईपर्यंत मागे ठेवायचं आधीच ठरवा.

डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का विचारा, एप्रिल २०२३ पासून ते आवश्यक आहे. दुसऱ्या राज्यातली गाडी, विशेषतः दिल्लीची डिझेल, लाखभराने स्वस्त दिसते. तिला तिथली एनओसी, फॉर्म २८, लागते आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर इथे भरावा लागतो. हा कर आधी काढून घ्या. बऱ्याचदा सगळी स्वस्ताई तिथेच संपते.

इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सवलत) मालकाचा असतो, गाडीचा नाही. तेवढा फरक तुम्हाला भरावा लागेल. जुना फास्टॅग विकणाऱ्याने बंद करायचा, तुम्ही नवा घ्यायचा.

पहिला महिना आणि नंतर

आधीचा मालक काहीही म्हणो, सगळी ऑइलं बदलून शून्यापासून सुरुवात करा. इंजिन ऑइल आणि फिल्टर (या आकाराच्या इंजिनात साधारण तीन-साडेतीन लिटर; ग्रेड मालकाच्या पुस्तिकेत बघा), एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, आणि गिअर ऑइल बदलल्याची नोंद नसेल तर तेही. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, मग लांब घाटात उतरताना ते उकळतं आणि पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी ते बदला.

त्यानंतर इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. कमी पळते म्हणून वर्ष चुकवू नका. टायरची जागा दहा हजारांना बदला. हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. पंपवाला विचारेल त्याला "पस्तीस टाक" असं सांगू नका.

पावसाळ्याआधी वायपरखालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा हाताने काढा, नाहीतर पाणी आत पायाशी उतरतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका: सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि असं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत भरून मिळत नाही. ढकलून बाजूला घ्या, गॅरेजवाल्याला बोलवा.

घाटात तापमानाचा दिवा लाल झाला तर एसी बंद, हीटर फुल, आणि जागा मिळताच बाजूला. रेडिएटरचं झाकण किमान अर्धा तास उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं आणि झाकण सैल होताच तोंडावर उडतं. थंड झाल्यावर बाटलीतली पातळी बघा, कमी असेल तर भरा, आणि पाणी कुठून गेलं ते सापडेपर्यंत पुढचा घाट चढू नका.